इंग्रजीच्या सरावाला बोलकी अभ्यासिका हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की सोलापुरात इंग्रजीच्या शिकवण्यांचे फलक झळकू लागतात. सात रस्ता असो की अशोक चौक, मान वर केली की 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' दिसतेच. जाहिरातीबद्दल आमची तक्रार नाही, ज्याचा त्याचा धंदा आहे. प्रश्न आहे तो त्या तीस दिवसांत होते काय, हा. बहुतेक ठिकाणी आधी बारा काळांचा तक्ता, मग ॲक्टिव्ह-पॅसिव्ह, मग डायरेक्ट-इनडायरेक्ट आणि शेवटी 'सेल्फ इंट्रोडक्शन' पाठ. विद्यार्थी पास्ट परफेक्ट कंटिन्युअसचे सूत्र घडाघडा म्हणतो आणि 'हा फॉर्म कोणत्या खिडकीवर द्यायचा' एवढे इंग्रजीत विचारताना त्याची गाडी अडते.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले 2000 साली. म्हणजे आज दहावी होणाऱ्या मुलाने दहा वर्षे हा विषय घेतलेला असतो. एवढी वर्षे घालवूनही तोंड उघडत नसेल, तर दोष सरावाच्या पद्धतीत शोधावा लागेल. बुद्धीला बोल लावू नये, निदान सोलापुरात तरी. इथल्या कापड दुकानातला पोऱ्या एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये, तिसऱ्याशी दखनीत भाव करतो आणि मालकाला मराठीत हिशेब देतो. त्याला काळांचा तक्ता कोणी विचारला नव्हता. त्याला रोज बोलावे लागले, चुकला तरी गिऱ्हाईक थांबून राहिले, आणि तीच तीच वाक्ये दिवसातून पन्नास वेळा तोंडातून गेली. इंग्रजीला हे तिन्ही मिळत नाही, म्हणून ते मुद्दाम घडवून आणावे लागते.

व्याकरणापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो. मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या चुका वाटेल तशा होत नाहीत. मराठी जिथे ओढते तिथेच त्या होतात आणि अशा जागा मोजक्या आहेत. सराव त्या जागांचा करावा, अख्ख्या पुस्तकाचा नको.

पहिली जागा प्रश्नाची. मराठीत 'तू कुठे चाललास' आणि 'तू घरी चाललास' यांत शब्दांचा क्रम हलत नाही, म्हणून 'व्हेअर यू आर गोइंग?' बाहेर पडते. भूतकाळात 'आय डिडन्ट वेन्ट' होते, कारण भूतकाळाची खूण एकदाच लागते हे जिभेला माहीत नसते. यावर नियम सांगून उपयोग नाही, साखळी म्हणावी लागते: 'ही वेन्ट. डिड ही गो? ही डिडन्ट गो. व्हेअर डिड ही गो?' अशी दहा क्रियापदे घ्या, प्रत्येकी चार वाक्ये. ही चाळीस वाक्ये तीन-चार मिनिटांत मोठ्याने म्हणून झाली पाहिजेत. क्रियापदे निवडताना गो, कम, टेक, गिव्ह, गेट, मेक, से, सी, नो, ब्रिंग अशी रोजची घ्यावीत. ती सगळी अनियमित आहेत आणि बोलण्यात क्षणोक्षणी लागतात. एक काळजी घ्यावी: क्रम रोज तोच ठेवला की आठवड्यात त्याची आरती होते. तोंड चालते, डोके झोपते. क्रियापदे चिठ्ठ्यांवर लिहून रोज पिसावीत.

दुसरी जागा 'पासून'. 'मी पाच वर्षांपासून इथे राहतो' याचे सरळ 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' होते आणि त्यात दोन चुका असतात. कॅलेंडरवर बोट ठेवता येते, म्हणजे वार, तारीख, साल, त्याला 'सिन्स'. किती काळ हे मोजून सांगितले तर 'फॉर'. शिवाय सुरू झालेली गोष्ट अजून चालू असेल तर 'हॅव बीन लिव्हिंग'. उलट बाजूने, वाक्यात 'यस्टरडे' किंवा 'लास्ट इयर' आले की 'हॅव' काढून टाकायचे. 'काल पाहिलंय मी त्याला' हे मराठीत चालते, 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' चालत नाही.

तिसरी जागा 'ला' प्रत्ययाची. त्याला विचार, स्टेशनला पोहोचलो, अशा प्रत्येक 'ला'ला मुले 'टू' चिकटवतात: 'आस्क टू हिम', 'रीच्ड टू स्टेशन'. याचे मूळ शब्दांच्या वहीत आहे. वहीत 'रीच म्हणजे पोहोचणे' असा सुटा शब्द लिहिला की पुढचे मराठीतून भरले जाते. वहीत 'रीच द स्टेशन', 'आस्क हिम', 'मॅरीड टू', 'डिस्कस द मॅटर' असे तुकडेच लिहावेत. दिवसाला सात-आठ तुकडे पुरेत. एका बाजूला मराठी वाक्य, पाठीमागे इंग्रजी, आणि उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि विसाव्या दिवशी. मराठी बाजू पाहून इंग्रजी म्हणायचे. उलट केले तर नुसती ओळख पटते, आठवण होत नाही.

वडिलांना आपण मराठीत आदराने अनेकवचन लावतो, म्हणून 'माय फादर आर अ टेलर' ऐकू येते. 'मला दोन भाऊ आहेत' याचे 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' होते. या चुका लवकर जातात. 'अ', 'ॲन', 'द' मात्र वर्षानुवर्षे छळतात, कारण मराठीत त्यांच्या जागी काहीच नाही. त्यासाठी एक सराव. पुस्तकातला आठ-दहा ओळींचा इंग्रजी उतारा वहीत उतरवायचा, पण हे तीन शब्द गाळून, आणि त्यांची जागाही न सोडता. गाळलेल्या जागा दाखवणारे प्रश्न इथे कुचकामी ठरतात: तिथे काहीतरी भरायचे आहे हे रेघच सांगून टाकते, आणि इथे काही हवे की नको ही खरी अडचण निसटते. दुसऱ्या दिवशी शब्द भरून मूळ उताऱ्याशी ताडून पाहायचे. आणि 'ॲन' आवाजावर ठरते, अक्षरावर नाही: ॲन अवर, पण अ युनिव्हर्सिटी.

ॲक्टिव्हचे पॅसिव्ह आणि पॅसिव्हचे ॲक्टिव्ह करत बसण्यात मात्र काही हशील नाही. पॅसिव्ह ओळखता आले पाहिजे, बातम्यांत ते पदोपदी भेटते. बोलताना रूपांतर करून दाखवा असे जगात कोणी म्हणत नाही.

एक जागा अशी आहे जी व्याकरणाच्या पुस्तकांत क्वचितच सापडते आणि मुलाखतीत हमखास घात करते. नकारार्थी प्रश्नाला मराठीत आपण समोरच्याच्या बोलण्याला होकार देतो: 'फॉर्म भरला नाही का?' 'हो, नाही भरला.' इंग्रजीत 'यस' किंवा 'नो' हे पुढच्या वाक्यावर ठरते. भरला असेल तर यस, नसेल तर नो. 'डोन्ट यू हॅव एनी एक्स्पीरियन्स?' या प्रश्नाला उमेदवार 'यस सर' म्हणतो. त्याच्या मनात असते 'बरोबर, नाही'. विचारणाऱ्याला वाटते अनुभव आहे, आणि तो पुढचा प्रश्न त्या अनुभवावरच टाकतो. यावर एकच उपाय: सुटे यस किंवा नो कधी म्हणायचेच नाही. 'नो, आय डोन्ट', 'यस, आय डू', जोडीनेच. जोडीदाराने असे दहा प्रश्न भराभर विचारावेत, दोन-तीन दिवसांत जीभ वळते.

आता संभाषण. मराठीत अदब क्रियापदात असते. 'एक फॉर्म द्या' यातल्या 'द्या'मध्ये आदर आलाच. तेच 'गिव्ह मी वन फॉर्म' झाले की हुकूम होतो आणि बोलणाऱ्याला पत्ताही नसतो. नुसते 'प्लीज' चिकटवून भागत नाही. 'प्लीज वेट आउटसाइड' हेही ऐकणाऱ्याला बाहेर बसवणेच असते. इंग्रजीत अदब प्रश्नाच्या रूपात येते: 'कुड आय हॅव अ फॉर्म, प्लीज?', 'कुड यू वेट आउटसाइड फॉर अ मिनिट?' पाठांतराचे आम्ही एरवी विरोधक, पण पाच-सहा वाक्ये झोपेतून उठवले तरी यावीत. ऐकू आले नाही तर 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' अर्थ लागला नाही तर 'डू यू मीन…?' विचार करायला वेळ हवा तर 'लेट मी थिंक'. शब्द आठवत नसेल तर 'इट्स अ थिंग यू यूज फॉर…' आणि फोनवर 'आय ॲम अमुक' न म्हणता 'धिस इज अमुक'. ही वाक्ये नसली की पहिल्याच अडथळ्याला नवशिका गप्प होतो किंवा 'व्हॉट?' म्हणून समोरच्याला दुखावतो.

सरावाला दोघे किंवा तिघे असावेत. पाच जण जमले की एक बोलतो आणि चौघे श्रोते होतात. दोघांकडे सारखीच माहिती असेल तर बोलण्याला कारण उरत नाही, म्हणून ती वाटून द्यावी. एकाकडे सोलापूरहून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक, दुसऱ्याकडे प्रवाशाची अडचण: मुंबईत अमुक वाजेपर्यंत पोहोचायचे आहे, सोबत म्हातारी आई आहे, खर्च इतकाच करता येतो. सिद्धेश्वर घ्यावी की वंदे भारत, हे दोघांनी इंग्रजीतच ठरवायचे आणि कारण सांगायचे. किंवा एकाकडे नावांसह शहराचा नकाशा, दुसऱ्याकडे कोरा. स्टेशनपासून सिद्धेश्वर मंदिरापर्यंतचा रस्ता पहिल्याने सांगायचा, दुसऱ्याने पेन्सिलीने काढायचा. रस्ता चुकला की कुणाचे वाक्य घसरले ते कागदावरच दिसते, मास्तर लागत नाही.

ही कल्पना काही आमची नाही. 1979 ते 1984 या काळात इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांच्या पुढाकाराने दक्षिण भारतातल्या काही शाळांत जो प्रयोग झाला, बंगळुरू प्रकल्प म्हणून जो जगभर ओळखला जातो, त्यात इंग्रजी अशाच वेळापत्रकांच्या आणि नकाशांच्या कामांतून शिकवले गेले. आधी एक काम शिक्षक सगळ्या वर्गासोबत करत, मग तसेच दुसरे काम मुले एकेकटी करत. काम किती अवघड असावे याचे त्यांचे माप मोठे व्यवहारी होते: साधारण अर्ध्या वर्गाला साधारण अर्धे काम जमले पाहिजे. सगळ्यांना सगळे जमले तर काम फुकट, कुणालाच काही जमले नाही तरी फुकट. परदेशांत या पद्धतीवर अभ्यास होत राहिले, आणि आपण सोलापुरात शेजारच्या कर्नाटकातला प्रयोग सोडून तक्ते घोकतो आहोत.

अडखळणे कमी करायला 'चार-तीन-दोन' नावाचा सराव आहे. एकाच विषयावर चार मिनिटे बोलायचे, मग श्रोता बदलून तेच तीन मिनिटांत, मग तिसऱ्या श्रोत्याला दोन मिनिटांत. मजकूर तोच राहतो, त्यामुळे काय बोलायचे ही चिंता दुसऱ्या फेरीत संपते आणि सगळे लक्ष कसे बोलायचे याकडे जाते. वेळ आखडल्याने 'अं… म्हणजे…' गळून पडते. अगदी नवख्याने दोन, दीड आणि एक मिनिट घ्यावे. हा सराव तीन कारणांनी फसतो: बोलण्याआधी लिहून काढले आणि वाचले, श्रोता तोच ठेवला, मग बोलणाऱ्याला कंटाळा येतो, किंवा श्रोत्याने मध्येच चुका काढल्या. चुका तिसरी फेरी झाल्यावर सांगायच्या, त्याही दोनच. शक्य असेल तर शेवटच्या फेरीचे मोबाइलवर एक मिनिट रेकॉर्डिंग करून जसेच्या तसे कागदावर उतरवावे. उतरवताना स्वतःच्या निम्म्या चुका स्वतःलाच दिसतात.

उच्चाराबद्दल थोडक्यात. परदेशी हेल काढायची गरज नाही. मात्र भूतकाळाच्या 'ईडी'चे उच्चार तीन: शेवटी ट किंवा ड असेल तर 'इड', जसे वॉन्टेड, क, प, स, श, च, फ यांनंतर 'ट', जसे वॉक्ट, बाकी 'ड', जसे प्लेड. 'वॉक-एड' ऐकायला वाईट. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' मराठी तोंडात एक होतात. दिशेच्या 'वेस्ट'ला ओठ गोल, बनियनच्या 'व्हेस्ट'ला वरचे दात खालच्या ओठावर. आणि आघात चुकला तर शब्द ओळखूच येत नाही: 'डेव्हलप'मध्ये जोर दुसऱ्या अवयवावर (सिलेबलवर), 'इंडस्ट्री'मध्ये पहिल्यावर.

वाचनाची गोष्ट वेगळी आहे. तिथे मुले अडखळत नाहीत, गुळगुळीत पुढे जातात आणि म्हणूनच चूक लक्षात येत नाही. वर्गात ओळीने मोठ्याने वाचायला लावतात तेव्हा प्रत्येक जण आपल्या वाट्याला कोणती ओळ येणार हे मोजत बसतो. उच्चार ठीक, अर्थ शून्य. परीक्षेतल्या अनसीन उताऱ्याला मुलांनी तोडगा काढलेला आहे: प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ती ओळ उत्तरपत्रिकेत उतरवायची. तो कुठे फसतो हे तीन वाक्यांत दिसते.

'द वीव्हर सोल्ड टू ऑफ हिज फोर लूम्स. ही केप्ट द अदर्स, ऑल्दो हार्डली एनी ऑर्डर्स वेअर कमिंग. धिस वरीड हिज वाइफ.'

विचारा: 'डिड ही हॅव मेनी ऑर्डर्स?' शब्द हुडकणारा 'ऑर्डर्स' गाठतो आणि 'यस, ऑर्डर्स वेअर कमिंग' लिहून मोकळा होतो. 'हार्डली' म्हणजे 'जवळजवळ नाहीच', ते त्याने 'हार्ड'चे भावंड समजून सोडून दिले. विचारा: 'हाऊ मेनी लूम्स डिड ही कीप?' हा आकडा उताऱ्यात कुठेच छापलेला नाही, चारातून दोन वजा करावे लागतात, आणि 'द अदर्स' म्हणजे उरलेले माग हे आधी कळावे लागते. विचारा: 'व्हॉट वरीड हिज वाइफ?' इथे 'धिस' एका शब्दाकडे बोट दाखवत नाही. कामे नसताना माग ठेवले, या अख्ख्या गोष्टीकडे दाखवते. तीन वाक्यांत एकही अवघड शब्द नाही, तरी भले भले चुकतात.

म्हणून उताऱ्याचा सराव असा करावा. पहिले वाचन शब्दकोश न उघडता, न थांबता. मग पुस्तक मिटून दोन-तीन वाक्यांत सार सांगायचे, आणि ते मराठीत सांगितले तर बिघडत नाही. समजले की नाही एवढेच पाहायचे असते, आणि मराठीत थाप मारता येत नाही. दुसऱ्या वाचनात 'इट, धिस, दे, सच, द अदर्स' यांना पेन्सिलीने गोल करून ते कशाबद्दल आहेत तिथपर्यंत बाण काढायचा. 'ऑल्दो, अनलेस, हार्डली, डिस्पाइट, फ्यू' यांच्याखाली रेघ. अर्थ उलटवणारे शब्द हेच. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांतला फरक तर गुण घालवतोच घालवतो. मग उत्तर लिहायचे, आणि प्रत्येक उत्तरापुढे कोणत्या ओळीवरून काढले तो ओळ क्रमांक. ओळ सांगता येत नसेल तर उत्तर अंदाजपंचे आहे. वेळ लावून वाचणे हे सगळे जमल्यावर.

उतारा कोणता घ्यावा? कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायला शंभरातले सुमारे 98 शब्द ओळखीचे असावे लागतात, असे शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. म्हणजे शंभर शब्दांत दोनाहून जास्त अनोळखी निघाले तर तो उतारा बाजूला ठेवून सोपा घ्यावा. नववीच्या मुलाने सहावीचे पुस्तक वाचण्यात काहीही कमीपणा नाही. बंगालमध्ये इंग्रजी शिकवण्यावर काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी 1953 साली नेहमी लागणाऱ्या सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या लिखाणातले पाचांपैकी सुमारे चार शब्द एवढ्याशा साठ्यातून येतात. ते हाताशी नसताना रोज एक भारदस्त शब्द पाठ करणे म्हणजे पाया न घालता कळस चढवणे.

यावरून आपल्याला दोन विनंत्या. पहिली आपल्या वृत्तपत्राला. शनिवारच्या अंकात 120 ते 150 शब्दांचा सोपा इंग्रजी उतारा आणि पाच प्रश्न द्यावेत: दोन सरळ, एक 'धिस' किंवा 'दे' कशाबद्दल आहे हे विचारणारा, एक न लिहिलेले ओळखायला लावणारा, आणि एक असा की ज्याचे उत्तर उताऱ्यात नाहीच. पुढच्या शनिवारी उत्तर देताना ओळ क्रमांक द्यावा आणि चुकीचे उत्तर का खरे वाटते तेही छापावे. नुसती उत्तरसूची कुणाच्या कामाची नाही.

दुसरी विनंती शहरातल्या वाचनालयांना आणि अभ्यासिकांना. स्पर्धा परीक्षेची मुले तिथे तासन्‌तास बसतात, भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलेले असते, आणि ते योग्यच आहे. पण शांततेत इंग्रजी बोलायचा सराव होत नाही, आणि घरी दोन खोल्यांत सात माणसे असतात. संध्याकाळी सात ते आठ एक खोली किंवा निदान व्हरांडा मोकळा करून द्यावा. लागणार काय? एक टेबल, दोन बाकडी, मोबाइलचा टायमर आणि कामांच्या चिठ्ठ्यांची पेटी. शिक्षक रोज नको. आठवड्यातून एकदा कोणी येऊन चार-पाच जणांची रेकॉर्डिंग ऐकली तरी पुरे, आणि त्यासाठी आमच्यासारखे काही जण विनामूल्य यायला तयार आहेत. पहिली तीस-चाळीस कामेही आम्ही लिहून देऊ. पेटीतल्या चिठ्ठ्या मात्र दर पंधरा दिवसांनी बदलाव्या लागतील, नाहीतर मुले गाड्यांच्या वेळा पाठ करून येतील.

आपले,
इंग्रजी शिकवणारे काही शिक्षक,
सोलापूर